चौथं तोंड

माझं पश्चिमेकडचं तोंड वीस मिनिटं मागे राहण्यात फायदा एकाचाच होता: खाली टेबलं मांडणाऱ्या कॉफीवाल्याचा. वेळ आहे असं वाटलं की गिऱ्हाईक दुसरा कप मागवतं. म्हणून घड्याळजी शिडी घेऊन आला की हा हसून म्हणायचा, "आज नको हो, गर्दीचा दिवस आहे." त्याचा प्रत्येक दिवस गर्दीचाच निघायचा.

मित्रांनो, मी जुन्या चौकातलं चार तोंडांचं घड्याळ आहे. एकेकाळी माझ्या ठोक्यांवर दुकानं उघडत. पुढे समोरच्या हॉटेलातल्या पाहुण्यांची झोपमोड होऊ लागली आणि माझी घंटा काढून नेली. आता नजर उरली आहे, आवाज नाही. पश्चिमेचं हे चौथं तोंड खोटारडं आहे हे इथल्यांना ठाऊक आहे. परक्यांना कोण सांगणार?

परवा आजी, तिचा मुलगा, सून आणि नात असं एक कुटुंब दिवसभरासाठी चौक बघायला आलं. मुलाला सगळंच बघायचं होतं. त्याच्या आईला फक्त जुन्या नाट्यगृहाचं रंगवलेलं छत. तरुणपणी तिनं तिथे रंगाऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं.

"त्यातला एक ढग माझा," ती नातीला म्हणाली. "सशासारखा झालाय. मुकादम ओरडला, पण पुसला नाही."

"आजी, दाखव ना!"

"दाखवते तर! उद्यापासून ते छत खरवडणार आहेत म्हणे."

नाट्यगृहात चारपर्यंतच सोडत. "तू बाकावर बस, आम्ही संग्रहालय बघून येतो. पावणेचारला घड्याळाखाली," मुलगा म्हणाला.

आजी वेळेआधीच येऊन पूर्वेला, नाट्यगृहासमोर उभी राहिली. बाकीचे आले ते पश्चिमेला, कॉफीवाल्याकडे. मध्ये माझा जाडजूड मनोरा.

माझे काटे नुसते शिवशिवत होते. इकडे आजी वर बघे, पिशवीचा बंद पिळे, पुन्हा वर बघे. तिकडे मुलानं खुशाल पाय पसरले.

"आई अजून आल्या नाहीत?" सून म्हणाली.

"अगं, वेळ आहे. अजून एक कप घे."

"बाबा, मी घड्याळाला एक चक्कर मारून येऊ?"

"गप बस एका जागी. हरवशील."

इकडे दारवान हाक मारत होता, "आजी, यायचं तर या, बंद करतोय."

"एकटी येऊन काय करू? मला तो ढग पाठ आहे."

दार लागलं. मग पश्चिमेला पावणेचार वाजले, आणि वेळ पाळल्याच्या ऐटीत मुलगा मनोऱ्याला वळसा घालून आला.

"आई, इथे काय करतेस?"

"घड्याळाखाली उभी आहे."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घड्याळजी आला तर टेबल जरा सरकवा, त्याला शिडी लावू द्या.

त्या दिवशीचा हिशेब सांगायचा तर कॉफीवाल्याचे दोन कप जास्त खपले. मुलगा स्टँडपर्यंत "सॉरी, आई" म्हणत राहिला, तेवढ्यात त्याचं भागलं. ढग आजीला पाठच होता. चक्कर मारू का म्हणून विचारलं होतं एकट्या नातीनं, आणि ससा गेला तो तिचाच.