माझी माळ तिच्या गळ्यात

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे. औंढा नागनाथला रामकिशन मांडववाल्याच्या घरामागे, न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी असते. हल्ली माझ्यावर धुणं वाळत घालतात. आपली जीवनकहाणी गोडीगुलाबीने सांगावी असं म्हणतात, पण मला ते जमायचं नाही. मी जळते आहे. छपरावर पडून दिवसभर ऊन खाणाऱ्या त्या निळ्या काचेवर मी जळते, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पहिल्यापासून सांगते. वसमतच्या एका बुरुडाने मला घडवलं. दोन बांबू विस्तवावर शेकून सरळ केले, भोकं पाडून पायऱ्या ठोकल्या, वरच्या पायरीला तारेचे वेढे दिले. रामकिशनचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मला खांद्यावर घेऊन तो अंगणात आला, तेव्हा त्याच्या बायकोने, आशाबाईने, माझ्या पायांवर पाणी घातलं. म्हणजे बघा, तिच्या पाठोपाठ मीही या घरात सून म्हणूनच आले.

मग काय विचारता! लग्नं, बारशी, महाशिवरात्रीची जत्रा. रामकिशन दातांत सुतळी धरून माझ्यावर चढायचा, झालरी लावायचा, दिव्यांच्या माळा सोडायचा. लोक मांडवाकडे बघून वा वा करायचे. शिडीला वा वा कोण म्हणतं? पण रामकिशनची एक सवय होती. चढण्याआधी तो माझ्या पहिल्या पायरीला हात लावायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा मांडली की झेंडूची पहिली माळ माझ्या गळ्यात पडायची. पक्कड, हातोडा, सगळे माझ्यानंतर. त्या एका माळेवर मी वर्ष काढत असे.

पुढे गावोगाव मंगल कार्यालयं झाली. तिथे मांडव त्यांचा, फुलं त्यांची, शिड्याही त्यांच्याच. आम्हाला बोलावणारे कमी होत गेले आणि रामकिशन ओट्यावर नुसता बसून राहू लागला. एक दिवस त्याने सांगितलं, की तो हिंगोलीला सोलर बसवायचं काम शिकायला जाणार आहे. आशाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"केस पांढरे होऊन राहिले, आन् आता शाळंत काहून जाता?"

"वर चढायचं, वायर वढायची, हे तर मी जल्मभर करून राहिलो," रामकिशन म्हणाला. "पण आशा, माझा मांडव दुसऱ्या दिवशी मलाच सोडावा लागतो. एक तरी काम असं करतो, जे उद्या उतरवावं लागनार न्हाई."

हे बोलणं मला झोंबलं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून जे बांधलं, ते सगळं याच्या लेखी उतरवण्यापुरतंच होतं की काय? पण शिडीला विचारतो कोण! त्याने खांब, कापड, झालरी, सगळं वारंगा फाट्याच्या एका मांडववाल्याला देऊन टाकलं. त्या माणसाने मलाही हलवून पाहिलं, नाक मुरडलं आणि तिथेच ठेवलं. रामकिशनला मागे फिरायला आता जागा उरली नाही.

हिंगोलीहून तो आला तो हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि एक पिवळी फायबरची शिडी घेऊन. विजेच्या कामाला हीच बरी म्हणे. मी काय आजवर पणत्या लावत होते? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरी सवत अजून यायची होती. पहिलं पॅनेल घरी आलं, तेव्हा रामकिशनने त्याचा पुठ्ठा असा उघडला, की जसं काही त्यात लेकरू झोपलंय. शेजारपाजारचे बघायला जमले. काम काय करतं, तर उताणं पडून राहतं. आणि कौतुक केवढं!

स्वतःच्या हिमतीवर त्याने घेतलेलं पहिलं काम होतं पद्माबाईंचं. मंदिराजवळ त्यांची यात्रेकरूंसाठी खानावळ आहे. तिच्या वरच्या पत्र्यावर पॅनेल बसली. समोरच्या प्रसादाच्या दुकानातला भागवत म्हणाला होता, की आधी मावशींचं कसं चालतं ते बघतो, मग माझं सांगतो. सारी गल्लीच बघत होती. हे काम बिनसलं असतं, तर औंढ्यात रामकिशनला कोणी छपरावर चढू दिलं नसतं.

खंडेनवमी आली. मी सकाळपासून वाट बघत होते. पाटावर ड्रिल मशीन बसलं, मीटर बसला, ती पिवळी भिंतीला ऐटीत उभी राहिली. सगळ्यांना हळदीकुंकू झालं. माझ्यावर आशाबाईने ओली चादर टाकली. चादरीखालून मी ऐकलं, की मोठी माळ पद्माबाईंच्या पॅनेलसाठी ठेवली आहे. माझी माळ! त्या दिवशी मी मनापासून म्हटलं, हिचं वाटोळं होऊ दे.

आणि मित्रांनो, तसं झालंही. पॅनेल किती वीज करतात ते मोबाइलवर दिसतं; दुसऱ्या दिवसापासून पद्माबाईंच्या मोबाइलवरचा तो आकडा निम्म्यावर आला. ऊन तर कडक होतं. रामकिशनने सगळ्या वायरी तपासल्या, जोड उघडून पुन्हा बसवले. शिकवल्याप्रमाणे झाडाची सावली पडते का पाहिलं, टाकीची पडते का पाहिलं. कुठेच काही सापडेना. त्याला जेवण जाईना. शेवटी पद्माबाई खानावळीतल्या लोकांसमोरच बोलल्या.

"रामकिशन, तुझं हे काम मांडवावानीच हाय बघ. दोन दिवस चमकलं. आता उतरवून घेऊन जाय."

तो घरी आला आणि माझ्यापाशी उभा राहिला. पिवळी शिडी भागवतच्या छपराची मापं घ्यायला नेलेली, तिथेच राहिली होती, आणि ती आणायला भागवतसमोर जायचा त्याला धीर नव्हता. त्याने माझ्यावरचं धुणं काढलं आणि मला खांद्यावर घेतलं. खोटं कशाला सांगू, त्याचा चेहरा एवढासा झाला होता आणि मला आनंद होत होता.

पद्माबाईंच्या भिंतीला मी टेकले. माझी दोन्ही टोकं पत्र्याच्या वर निघाली आणि ती सवत मला पहिल्यांदा जवळून दिसली. काय थाट! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झेंडूची दंडाएवढी जाड माळ, मधे मधे आंब्याची पानं, प्रत्येक काचेवर गंधाचं मोठं स्वस्तिक. लग्नाच्या मांडवाला सजवावं तसं तिला सजवलं होतं. रामकिशन वर गेला, माळ जराही हलू न देता खाली वाकला आणि पुन्हा वायरीच बघू लागला.

उन्हं कलली. माझी सावली लांबत लांबत त्या काचेवर चढली. मला फार बरं वाटलं. निदान माझी सावली तरी हिच्या अंगावर पडू दे, म्हटलं.

रामकिशनच्या हातातल्या मोबाइलवर आकडा आणखी घसरला. त्याने मान वर केली. काचेवरची माझी सावली पाहिली. उठून मला बाजूला सरकवलं, आकडा थोडा वर आला. पुन्हा होते तिथे आणलं, पुन्हा घसरला. मग त्याची नजर त्या माळेखालच्या सावलीवर गेली. झाडाची सावली त्याने शोधली होती, टाकीची शोधली होती. पूजेच्या माळेचीही सावली पडते, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. मांडववाल्याचा हात तो, फुलं हाताशी असताना रिकामं कसं सोडणार?

त्याने माळ उचलली. तेवढ्यात खालून पद्माबाईंनी विचारलं, की पूजेची माळ काहून काढून राहिला?

"मावशी, ह्याला ऊन देनं हीच ह्याची पूजा," रामकिशन म्हणाला. "मी त्याला नवरदेव करून बसलो."

त्याने ओल्या फडक्याने गंध पुसलं. मावळतीचं ऊन, तरीही आकडा भराभर चढला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पद्माबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला, आणि एवढंच म्हणाल्या, "मंग राहू दे तुझं काम वर." रामकिशनने तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. उतरवावं न लागणारं त्याचं ते पहिलं काम. भागवतनेही मग सांगून टाकलं, की दिवाळीआधी माझं करून दे.

पण माळेचं काय झालं? त्या संध्याकाळी खाली उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने ती माझ्या वरच्या पायरीला अडकवली. सुकलेली, पाकळ्या गळणारी, सवतीच्या गळ्यातून उतरलेली माळ. मी नको म्हणणार होते. पण खाली पोचल्यावर रामकिशन थांबला, माझ्या पहिल्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग मी ती माळ गल्लीभर मिरवत घरी नेली.

माझा जळफळाट संपला असं समजू नका. ती अजून वर आहे आणि मी अजून न्हाणीपाशी. म्हणून मित्रांनो, एक सांगणं ऐका. पॅनेलला पुसा, धुवा, त्याच्यावर कशाचीही सावली पडू देऊ नका. आणि माळ घालायची फारच हौस असेल, तर घरामागे एखादी जुनी शिडी उभी असेल, तिला घाला. तिला सावलीने काही होत नाही.