साडेबाराची धून

साडेबाराला रेडिओवर ढोलाची ती धून लागली आणि योतामूचे हात स्टिअरिंगवर थिजले. घाटाचा उतार होता, पुढे वळण होतं, पण हात वळेनात. शेजारी बसलेल्या कंडक्टर मातेयूने हँडब्रेक ओढला तेव्हा मिनिबसचं चाक कड्यापासून हातभर दूर होतं. मागे चौदा माणसं होती.

"डोळा लागला काय रे म्हाताऱ्या?" मातेयू म्हणाला. "रेडिओ बंद करू?"

"हात लावू नकोस," मागून एक बाई म्हणाली. "माझी मावशी अंथरुणाला खिळलीय. नावं ऐकू दे."

धून संपली की गेलेल्या माणसांची नावं सांगतात, दफन कुठे नि कधी तेही. ती ऐकल्याशिवाय त्या भागात कुणाची दुपार पुढे सरकत नाही. तीन महिन्यांपूर्वी, असंच गाडी चालवताना, योतामूने त्या यादीत आपल्या बायकोचं, एलुबेचं नाव ऐकलं होतं. घाटात फोन लागत नव्हता. म्हणून तिच्या माहेरच्यांनी रेडिओवर निरोप दिला होता.

आता कड्याजवळचा प्रकार कळल्यावर गाडीच्या मालकाने त्याला आठवडाभर घरी बसवलं. नीट झालास तर ये, नाहीतर दुसरा बघतो, म्हणाला.

मुलगी तियामिके सुट्टीवर घरी आली होती. कॉलेजात मानसशास्त्राचं पहिलं वर्ष.

"बाबा, रोज घंटा वाजवून कुत्र्याला खायला दिलं, की नुसत्या घंटेनेही त्याची लाळ गळते. तुम्हाला त्या धुनीनंतर आईची बातमी मिळाली. म्हणून नुसत्या धुनीने हात थिजतात."

"म्हणजे मी कुत्रा."

"परीक्षेत तसं लिहिलं तर मार्क मिळतात."

तिने धून फोनवर भरून घेतली. तो जेवायला बसला की ती वाजवायची, समोर त्याच्या आवडीची तळलेली मासळी आणि न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. धुनीला चांगली गोष्ट जोडायची, असं तिचं म्हणणं. त्याचे हात कापू लागले की ती लगेच बंद करायची.

पाचव्या दिवशी तिने फोनवर धून लावलीही नव्हती. नुसता मासळीचा वास आला आणि त्याचे हात गार पडले.

त्याने ताट सरकवलं. "आता खायचीही भीती वाटते, पोरी. तुझं शास्त्र मला उपाशी मारणार."

तियामिकेने वही उघडून पानं चाळली. "चूक माझी आहे. ऐन भीतीत मी धून बंद करत होते. बंद केली की तुम्हाला बरं वाटायचं. पळालं की सुटतो, एवढंच शिकलात तुम्ही. खरं तर शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं."

"मग बंद का करायचीस?"

ती खाली बघत म्हणाली, "पुढे आईचं नाव येईल, असं मलाच वाटायचं."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्यांनी रेडिओच लावला. ढोल वाजला. योतामूच्या पाठीवरून घाम ओघळला. पहिलं नाव. दुसरं. तिचा हात बटणाकडे गेला, तो त्याने धरून ठेवला. अकरा नावं झाली, मग पावसाचा अंदाज सुरू झाला. हात अजून कापत होते, पण बोटं उघडत-मिटत होती.

त्याने मातेयूला फोन लावला. "सोमवारी येतो, असं मालकाला सांग. पण साडेबाराला गाडी घाटाच्या अलीकडे, बाजारात उभी करणार. यादी संपेपर्यंत."

"प्रवासी शिव्या घालतील."

"मयताची नावं ऐकायला थांबलेल्या गाडीला कोण शिव्या घालतो?"

मातेयूने विचारलं, "आणि यादी संपल्यावरही हात थिजलेले असले तर?"

"तर किल्ली तुझ्याकडे देईन. त्या हातांनी घाटात गाडी घालणार नाही," योतामू म्हणाला.