काट्याखालची पुस्तिका

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. स्वतःची कहाणी सांगताना लोक छाती फुगवतात. मला मात्र मान खाली घालावी लागते.

माझा जन्म १९९७ साली मुंबईच्या एका केंद्रात झाला. तिथले डॉक्टर मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारावर संशोधन करत. या आजारात नसांवरचं आवरण झिजतं. कधी पाय लटपटतात, कधी एका डोळ्याला अंधुक दिसतं, मग काही महिने माणूस ठणठणीत! केंद्राच्या शोधनिबंधांचं परदेशातही कौतुक होई. त्यांचं सार गावोगावच्या डॉक्टरांना कळावं म्हणून मला मराठीत छापलं. गुळगुळीत कागद, निळं मुखपृष्ठ. मी भलतीच तोऱ्यात होते.

टपालाने मी महाडला डॉक्टर कमलाकरांच्या दवाखान्यात आले. त्यांच्या वजनकाट्याचा एक कोपरा डुगडुगत होता. "सवडीनं वाचेन, तोवर इथं असू दे," म्हणत त्यांनी मला काट्याखाली सारलं. सवड काही मिळाली नाही.

एकदा डोंगरातल्या कुडपण गावाहून भागोजी नावाचा शेतकरी बायकोला, रखमाला, घेऊन आला. ती काट्यावर, म्हणजे माझ्याच डोक्यावर, उभी राहिली आणि झोकांडली.

"डॉक्टर, पाय माझं ऐकत नाय," ती म्हणाली.

"सोंग हाय," भागोजी म्हणाला. "गेल्या महिन्यात नाचणी लावत व्हती. आता कामाचं नाव काढलं की हिचं पाय जातात."

डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. उत्तर माझ्या सातव्या पानावर होतं. मला ओरडता येत नव्हतं, हे खरं. पण त्या वेळी तिचा विचारही माझ्या मनात आला नाही. एवढ्या नामांकित केंद्राची मी, आणि लोकांच्या पायाखाली, म्हणून रुसून बसले होते! त्याचीच मला आजही लाज वाटते.

२००४ साली नवा काटा आला. परिचारिका चारुशीलाबाईंनी मला झटकून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी चाळता चाळता सातवं पान वाचलं आणि त्यांना काट्यावर झोकांडलेली रखमा आठवली. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते कुडपणला गेले.

रखमा अंथरुणाला खिळली होती. "चूक माझी झाली," डॉक्टर म्हणाले. "हा आजार आहे. मुंबईला उपचार सुरू करू, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही."

रखमा म्हणाली, "मंग मी सोंग करत नव्हते ना? ह्यांना सांगा. मोठ्यानं सांगा, वाडीला ऐकू जाऊ दे."

डॉक्टरांनी सातवं पान उघडून मला भागोजीच्या हातात दिलं. चौथी शिकलेला भागोजी अंगणात उभा राहून एकेक अक्षर जोडत वाचू लागला, "रुग्ण... सोंग करतो... असे समजू नये." पुढचं त्याला वाचवेना.

मित्रांनो, तुमच्या घरात वाचायचं राहिलेलं काही असेल, तर कृपा करून आज उघडा. कुणीतरी त्याची वाट पाहत असतं.