पेटी काढलेला सूर्य

मित्रांनो, मी एक जुना कार्बनचा दिवा आहे. दोन काळ्या कांड्यांमध्ये वीज कडाडली की मी असा पेटतो, की माझ्याकडे उघड्या डोळ्यांनी कुणी पाहू नये. तरीही घाबरतो मीच. का, ते सांगतो.

नगरच्या एका थिएटरात बारा वर्षं मी सिनेमाचा पडदा उजळला. गहिनीनाथ नावाचे ऑपरेटर माझ्या कांड्या जुळवत. मी लोखंडी पेटीत बंद असे आणि ते काळ्या काचेतून मला न्याहाळत. थिएटरात नवी यंत्रं आली, तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या नीलांबरीबाईंनी मला नेलं. सोबत गहिनीनाथही आले.

बाईंकडे उन्हापासून वीज करणारी नखाएवढी चकती होती. भिंगाने एकवटलेलं ऊन तिला किती सोसतं, ते मोजायचं होतं. पण १९७३च्या श्रावणात सूर्यच दिसेना. मग सूर्य झालो मी! भिंग जवळ बसावं म्हणून माझी पेटी काढून टाकली. मला फार उघडं वाटलं.

एका सकाळी माझा उजेड फडफडू लागला. मीटरचा काटा हलू लागला. गहिनीनाथांनी हातातली काळी काच बाजूला ठेवली आणि वाकून कांड्या जुळवू लागले.

"अहो, काच धरा!" बाई ओरडल्या.

"झालंच, बाई!"

मला विझावंसं वाटत होतं. पण बटण माझ्या हाती नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथांच्या पत्नी मनकर्णाबाई धापा टाकत आल्या. "बाई, ह्यांचं डोळं उघडंनात! वाळू भरल्यागत लई आग हुतीया. दवाखान्यात ठिवलंय."

"पेटी मीच काढायला लावली हो," बाई म्हणाल्या आणि अनवाणीच धावल्या.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. दोन दिवस मी थंडगार पडून होतो. त्या माणसाला पुन्हा दिसलंच नाही तर? बाहेर पाऊल वाजलं की मी हबकायचो.

तिसऱ्या दिवशी बाईंनी कुलूप काढलं. मनकर्णाबाईंचा हात धरून गहिनीनाथ आत आले. डोळे लालबुंद होते, पण उघडे! ते बाईंकडे पाहत राहिले.

"दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"हिरवा काठ हाय न्हवं साडीला?"

बाईंनी त्याच पदरात तोंड लपवलं.

"आदी ह्याची पेटी बसवा," गहिनीनाथ म्हणाले. "मंग पेटवू."

पेटीला भिंगापुरतं भोक पाडून प्रयोग पुरा झाला. पण माझी धास्ती काही गेली नाही. मित्रांनो, वेल्डिंगचा उजेडही माझ्याच जातीचा; ते चाललेलं दिसलं, तर गंमत म्हणूनही पाहू नका. आणि घाईत कुणी म्हणालं, "झाकण राहू दे, क्षणभराचंच काम आहे," तर ते कितीही मोठं माणूस असो, नाही म्हणा.