तुटलेला पहिला मीटर

मित्रांनो, कृषी कार्यालयातल्या कपाटामागे खिळ्याला जे मळकट वेटोळं लटकलं आहे ना, ती मी. मी एक जुनी, तीस मीटरची मोजणीची टेप आहे. तीस म्हणते खरी, पण तेही पूर्ण खरं नाही. तेच सांगायचं आहे, आणि सांगताना मान वर होत नाही.

कारखान्यातून आले तेव्हा मी पिवळीधमक होते. शेतकऱ्यांना पाइप, रोपं, औजारं घ्यायला सरकार अनुदान देतं. ते योग्य माणसाला मिळावं म्हणून आधी शेत मोजतात. ते काम माझं. "टेप म्हणेल ते खरं," असं कुणी म्हटलं, की अंगावर मांस नसूनही मला मूठभर मांस चढायचं.

एकदा फाटकात अडकून माझा पहिला मीटर तुटला. शिपायाने उरलेल्या टोकाला तारेने कडी बांधली आणि म्हणाला, "नव्या टेपसाठी अर्ज कोण करत बसणार? दर वेळी एक वजा करा, झालं!" म्हातारे मोजणीदार काका न चुकता एक वजा करत. मग ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी पाण्याच्या माठाचेसुद्धा आभार मानले. माझ्या तुटलेल्या मीटरचं मात्र सांगायचं राहिलं.

नवा मोजणीदार तरुण, कामाला चोख. तो मला घेऊन दोन जावांच्या शेतावर गेला. थोरली बोलायला फटकळ. धाकटी शिवणकाम करणारी, पोटुशी. दोघी कालव्यावरून डबे भरभरून घेवड्याला पाणी घालायच्या. लहान शेतांसाठी पाइपचं अनुदान निघालं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. धाकटीने दोरीला शिवणाच्या टेपने खुणा करून शेत मोजलं होतं: लांबी एकशे सोळा मीटर, रुंदी अठ्ठावन्न.

मोजणीदाराने मला लांबीला चारदा, रुंदीला दोनदा अंथरलं; दर वेळी एक मीटर जास्त, म्हणून मी दाखवले एकशे वीस आणि साठ. शेत मर्यादेबाहेर गेलं.

"ताई, खोटं कशाला लिहायचं?" मोजणीदार बांधावर सगळ्यांदेखत म्हणाला.

"सरकारलाच शेंडी लावायला निघाल्या!" शेजारी हसला.

"आमचं माप खरं आहे," धाकटी पुटपुटली. मी तिथेच मातीत पडून होते, मित्रांनो. मला तोंड असतं तर!

आठवड्याने दोघी कार्यालयात आल्या. धाकटीने मला टेबलावर पसरलं, बोटाने चाचपलं. "साहेब, कडीच्या इकडचा मीटर कुठाय? आकडे एकच्या पुढूनच चाललेत." तिने स्वतःची टेप शेजारी लावली. मोजणीदार पांढराफटक पडला. शिपाई खिडकीबाहेर बघू लागला.

"माझी चूक झाली. पण यादी कालच वर गेली," मोजणीदार हळूच म्हणाला. "आता पुढच्या वर्षी. संध्याकाळी घरी येऊन माफी मागतो."

"घरी कशाला?" थोरली म्हणाली. "खोटारड्या बांधावर म्हणालात. तिथेच या."

तो आला. शेजाऱ्यासमोर एक वजा करत पुन्हा मोजलं आणि मोठ्याने म्हणाला, "यांचं माप बरोबर होतं. चूक कार्यालयाची." थोरलीने तेवढं ऐकलं आणि रिकामा डबा उचलून कालव्याकडे निघाली. मागोमाग धाकटी, एक हात कमरेवर ठेवून. तो अख्खा उन्हाळा त्या दोघी असंच पाणी वाहत राहिल्या. मला तेव्हापासून खिळ्याला अडकवलं आहे, आणि ते योग्यच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत काही मोडलं तर ते दुरुस्त करा. नाहीच जमलं, तर ती वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना "इथे तुटलंय" एवढं तरी सांगा. काकांना ते सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं.