नोरीनची निगेला

देव्हाऱ्यापुढच्या ताम्हनात निळ्या फुलांचा ढीग दिसला आणि माझं डोकंच फिरलं. हॉस्पिटलची ड्यूटी करून नुकतीच घरी आले होते, कोटही उतरवला नव्हता. तशीच मागच्या दाराने बाहेर धावले. वाफ्यात नुसते हिरवे दांडे उभे होते.

माझे सासरे, अप्पा, नागपूरहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे परदेशात, ल्यूकनला आलेले. तिकडे पहाटे फिरायला निघायचं आणि वाटेतल्या कुंपणांवरून पिशवीभर फुलं तोडून आणायची, ही त्यांची जन्माची सवय. देवासाठी तोडली की तिकडे कुणी त्याला चोरी म्हणत नाही. इथे रस्त्यावर तसं जमेना, म्हणून त्यांनी माझ्या वाफ्यात हात घातला.

ती फुलं नोरीनची होती. शेजारची म्हातारी नोरीन. आम्ही या देशात नवे असताना आपण होऊन माझ्याशी बोललेली एकमेव बाई. या निळ्या निगेलाचं बी तिनेच भिंतीवरून मूठभर दिलं होतं. आपल्या कलौंजीची ही चुलत बहीण, मूळची भूमध्य समुद्राकडची. जिथे वाढवायची तिथेच पेर, उपटून दुसरीकडे लावलीस तर रुसते, असं नोरीन बजावायची. फुलं तोडायची नाहीत. बोंडं वाळून खुळखुळली की बी आपोआप मातीत पडतं आणि पुन्हा उगवतं. बी धरलंच नाही तर कारभार आटोपला, कारण झाड एका मोसमापुरतंच जगतं.

नोरीन हिवाळ्यात गेली. तिच्या मुलाने बागेवर फरशी घालून तिथे गाड्या उभ्या केल्या. म्हणजे तिची निगेला आता फक्त माझ्याकडे उरली होती. दुकानात पाकिटं मिळतात, ठाऊक आहे मला. पण ती नोरीनची नव्हेत.

"देवालाच वाहून राहिलो ना मी," अप्पा म्हणाले, "फेकून तर नाही राहिलो."

एक कळी राहिली होती. तिला हात लावायचा नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. सुनेने देवाच्या फुलाला नाही म्हणावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. मग नुसत्या अक्षतांवर पूजा, ताटात अर्धी पोळी आणि माझ्याशी अबोला. म्हटलं, रुसू देत. कळी उमलली, छान उमलली.

आणि शनिवारी घरी येऊन पाहते तर ते फूल गणपतीच्या पायाशी. मी अप्पांवर तुटूनच पडले.

"अगं, मी तोडलं," माझा नवरा सलील किचनमधून म्हणाला. "अप्पा धड जेवत नव्हते. एकच तर फूल होतं, उल्का. ऑनलाइन सीड्स मागवू, इट्स ग्रँड."

ग्रँड म्हणे, म्हणजे इथल्या बोलीत ठीकच.

"मला विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते."

तो पोळ्या गरम करायला वळला. मी बाहेर जाऊन वाफ्यापाशी ओल्या गवतातच बसले. मला रडायचं नव्हतं, काहीतरी फोडायचं होतं.

थोड्या वेळाने अप्पा आले. गुडघे धरत, कण्हत माझ्या शेजारी बसले. त्या बोडक्या दांड्यांकडे बघत म्हणाले, "मी नव्हतं मागितलं, बाई."

आतून सलील जेवायला हाका मारत होता. आम्ही दोघंही उठलो नाही.