हाताची घडी

मिरजेस परत जाण्याचा आपला निश्चय इंदुमतीबाईंनी त्या आठवड्यात चौथ्यांदा मुलाच्या कानी घातला, आणि चौथ्यांदाही तो व्यर्थ गेला. सोमवारपासून त्यांचा शिवणवर्ग सुरू व्हावयाचा होता. अकरा मुलींनी नावे दिली होती. गुरुवारची गाडी चुकली, तर त्या अकराही जणी दाराचे कुलूप पाहून माघारी फिरणार, आणि पुन्हा येतील याचा काय भरवसा?

परंतु यशोधनचे, म्हणजे त्यांच्या मुलाचे, सरकारी कचेरीत नुकतेच देहबोलीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले होते. तेव्हापासून दिल्लीतील मयूर विहारच्या त्याच्या फ्लॅटमध्ये कोणाच्याही शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती.

"आई, तू जाते म्हणतेस, पण हाताची घडी बघ तुझी. रुसलीयेस कशावर तरी."

"अरे, थंडी वाजतेय म्हणून घडी. दिल्लीचा जानेवारी आहे हा."

"आणि बोलताना नाकाला हात लावलास. म्हणजे खोटं."

"सर्दी झालीय मला, शहाण्या."

यशोधन एखाद्या ज्ञानी पुरुषासारखा मंद हसला आणि मोबाइलवर त्याने आईचे गुरुवारचे तिकीट रद्द करून टाकले. "तुला राहायचंच आहे. तोंडाने म्हणणार नाहीस. मी काय ओळखत नाही तुला?"

इंदुमतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून अधिक संताप त्यांना स्वतःचा आला. जन्मभर पंगतीत त्यांनी "नको, नको" म्हणत ताटावर हात आडवा धरला होता, आणि वाढणारीने बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी हीच मनीषा बाळगली होती. आता खरेखुरे 'नको' कोणत्या तोंडाने पटवावे?

सायंकाळी सून रेवती कामावरून परतली. ती जन्मापासून दिल्लीचीच. सारा प्रकार ऐकून तिने सरळ विचारले, "आई, तुम्हाला जायचंय ना?"

"हो."

"अच्छा. मग जा ना. यात प्रॉब्लेम काय आहे?" तिने फोन काढला. "गुरुवारच्या जागा आहेत अजून. करू बुक?"

इंदुमतीबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच सुखात तोंडून सवयीने निघून गेले, "राहू दे गं. दमून आलीस, कशाला उगाच त्रास."

"ओके," म्हणून रेवतीने फोन ठेवला आणि ती चहा टाकावयास उठली.

इंदुमतीबाई दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसल्या. तो आला नाही. आत गॅस पेटला. सोफ्यावरून यशोधन म्हणाला, "बघ, मी सांगत होतो."

"रेवती," त्यांनी हाक मारली. "काढ ते तिकीट. मला जायचंय. आणि खालची, खिडकीची जागा मिळते का बघ."

एवढे मागून झाल्यावर त्यांना चोरी केल्यासारखे वाटले.